सहा फुटांची चाळ

उभ्या धरलेल्या फोनवर आमची अख्खी चाळ जेमतेम अर्धा इंच उंच दिसते. पट्टी लावून मोजलंय मी. तळमजला आणि वर दोन मजले, दोन जिने, एक नळ, एक पारिजातक आणि दोऱ्यांवरचे असंख्य कपडे, सगळं मिळून अर्धा इंच! बोटांनी मोठं करायला गेलं की एका वेळी एकच खिडकी. म्हणजे एक तर चाळ दिसते पण माणसं दिसत नाहीत, नाहीतर एक माणूस दिसतो आणि चाळ गायब.

बाबांना मी हा फोटो पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला, मग हात लांब करून धरला आणि परत दिला.

"छान आहे."

बाबा 'छान आहे' एवढंच म्हणाले की समजायचं, त्यांना काहीही दिसलेलं नाही.

तर गोष्ट अशी की, २०२३ च्या मे महिन्यात आम्ही गिरगावातली चाळ सोडली. रीडेव्हलपमेंट. बाबांचा जन्म तिथला, माझाही. सध्या डोंबिवलीत भाड्याने राहतो. टॉवर कधी होईल, चाव्या कधी मिळतील, हा विषय आमच्याकडे जेवताना काढायचा नाही असा आईचा नियम आहे. घर चांगलं आहे, दोन बाथरूम आहेत, चोवीस तास पाणी आहे. फक्त बाबा गप्प झाले. ३१ वर्षं ऑफसेट प्रेसमध्ये मशीनमन म्हणून काढलेला माणूस. मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायची सवय. चाळीत ते बोलायला लागले की समोरच्या विंगेत ऐकू जायचं. इथे दिवसदिवस बोलत नाहीत. बोलणार तरी कोणाशी? बाल्कनीसमोर शेजारच्या बिल्डिंगचे पाइप.

मला वाटलं, फोटो मोठा करून भिंतीवर लावू. सोपं काम आहे, एक रविवार जाईल. गेला आख्खा पावसाळा!

"फ्लेक्स? आपल्या घरात?"

पहिल्यांदा मी स्टेशनजवळच्या डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात गेले. बाबाही बरोबर आले, कारण त्यांना भाजी घ्यायची होती. दुकानातल्या मुलाने फाइल उघडली, साइझ विचारली आणि म्हणाला, "फ्लेक्सवर मारून देतो मॅडम, अर्ध्या तासात. स्वस्तात होईल."

बाबांचा चेहरा असा झाला, की जणू त्याने आमच्या चाळीला शिवी दिली.

"फ्लेक्स?" रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले. "फ्लेक्स? चौकातल्या वाढदिवसाच्या शुभेच्छुकांसारखं?"

मुलाचं काही चुकलं नव्हतं. फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो, त्याचे ठिपके तसेच जाड असतात. चांगल्या फोटो लॅबमध्ये तोच फोटो उत्तम कागदावर आला असता, पण तिथला भाव ऐकून फ्रीलान्सरने फक्त 'कळवते हां' म्हणायचं असतं. मी तसं म्हटलं.

"घरात प्रिंटर आहे ना तुझा?" बाबांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याच्यावर काय होतं ते बघू."

जवळजवळ दोन वर्षांत त्यांनी एखाद्या गोष्टीत 'बघू' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आता माझा प्रिंटर म्हणजे काय, तर टेबलावर मावणारा चार रंगांचा साधा इंक टँक. त्यावर माझी बिलं, आधार कार्डाच्या कॉप्या आणि आईच्या भिशीच्या याद्या निघतात. त्याची रुंदी साडेआठ इंच. पण या मशीनांची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. रुंदीला मर्यादा असली तरी लांबीला ती बरीच सैल असते. ड्रायव्हरमध्ये 'कस्टम साइझ' निवडली की माझ्या प्रिंटरवर १२०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार फूट लांबीचा कागद चालतो.

मी लगेच हिशेब केला. आडवी एकसंध पट्टी काढली तर उंची आठ इंच, लांबी तीन फूट. भारी! विनाजोड!

बाबांनी कागदावर आठ इंचाची रेघ ओढली, तिच्यावर तीन मजले आखले आणि एका मजल्यावर पेन्सिलीने एक माणूस काढला. त्याचं डोकं मुगाच्या दाण्याएवढं आलं.

"मुगावर तोंड दिसतं का?"

नाही दिसत. सोळा इंच उंची घेतली तर डोकं हरभऱ्याएवढं होतं आणि हरभऱ्यावर चेहरा ओळखू येतो. सोळा इंच उंची म्हणजे सहा फूट लांबी. ठरलं, सहा फूट. आईने एवढंच विचारलं, की ज्या भिंतीवर तिचं कपाट यायचं होतं ती भिंत आम्ही घेतोय का. आम्ही हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

गॅलरी वाकडी कशी?

फोटो फोनवर बघत असलो तरी तो फोनने काढलेला नव्हता, हे माझं नशीब. फोनने काढलेला पॅनोरमाही आहे माझ्याकडे. फोन सरकवत असताना समोरचं माणूस हललं की ते कापलं जातं. त्यात शेजारच्या काकूंना तीन हात आहेत. काकूंना तो फोटो मी कधीही दाखवणार नाही.

चाळ सोडायच्या आदल्या रविवारी एका मैत्रिणीचा कॅमेरा आणि ट्रायपॉड उसना आणून, आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मी डावीकडून उजवीकडे नऊ फोटो काढले होते. मास कॉमला शिकलेल्या गोष्टींपैकी जेमतेम चार कामाला येतात, त्यातल्या तीन त्या दिवशी आल्या. एक, कॅमेरा उभा धरायचा, म्हणजे उंची जास्त मिळते. दोन, एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअलवर लॉक करायचं, नाहीतर एक फोटो पिवळा आणि पुढचा निळा. तीन, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा ४० टक्के भाग परत यायला हवा, म्हणजे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्हींत सारख्या खुणा सापडतात.

चौथी मात्र मी विसरले. डोळ्यासमोर बोट धरा, आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट सरकतं ना? कॅमेरा नुसता ट्रायपॉडवर गर्रकन फिरवला की जवळच्या वस्तू अशाच सरकतात. तो त्याच्या बुडाभोवती नाही, लेन्सच्या आतल्या एका बिंदूभोवती फिरायला हवा. डोंगरदऱ्यांच्या फोटोत हे खपून जातं, कारण सगळंच लांब असतं. चाळीत नाही खपत. आमच्या बाजूची दोरी आणि तिच्यावरचा टॉवेल जोडताना दर वेळी तुटत होता. शेवटी तो टॉवेल अंदाजे शिवल्यासारखा जोडला. नीट बघितलंत तर कळेल. बघू नका.

जोडायला 'हगिन' नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरलं. नऊ फोटोंची मिळून कडा छाटल्यावर साधारण २२ हजार गुणिले ५ हजार पिक्सेलची फाइल झाली. हिशेब करून बघा. सहा फूट म्हणजे ७२ इंच, इंचाला ३०० पिक्सेल धरले तर २१ हजार ६००. बरोब्बर बसलं. खरं तर भिंतीवरचा मोठा फोटो लोक पाच-सहा फुटांवरून बघतात आणि तेवढ्या अंतरावरून इंचाला १०० पिक्सेलही पुरतात. पण पॅनोरमा कोणी लांबून बघून थांबत नाही. आधी लांबून बघतात, मग नाक लावून 'आमची खिडकी कुठेय' ते शोधतात. ३०० हवेतच.

मी जोडलेला फोटो लॅपटॉपवर बाबांना दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "गॅलरी वाकडी कशी?"

"बाबा, ते प्रोजेक्शन असतं. गोल फिरून बघितलेलं सपाट कागदावर आणायचं म्हणजे..."

"आपली चाळ काय आगबोट होती?"

मुद्दा बरोबर होता. पॅनोरमा म्हणजे मुळात नळकांड्याच्या आतल्या बाजूला काढलेलं चित्र. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने १७८७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा गोल इमारतीच्या आतून भिंतभर चित्र आणि मध्ये उभे प्रेक्षक अशीच कल्पना होती. ते नळकांडं उलगडून सपाट केलं की उभ्या रेघा सरळ राहतात, पण आडव्या केळ्यासारख्या वाकतात. डोंगराला आडवी रेघ नसते. चाळीला गॅलरीचे कठडे असतात, तेही तीन-तीन! दुसऱ्या पद्धतीने सगळ्या रेघा सरळ होतात, पण कडेच्या खोल्या रबरासारख्या ताणल्या जातात आणि कोपऱ्यातलं बिऱ्हाड उगाच श्रीमंत दिसायला लागतं. मधला मार्ग निघाला 'पानिनी' प्रोजेक्शनमध्ये. नाव ऐकून मला आपला व्याकरणवाला पाणिनी आठवला, पण हा १८ व्या शतकातला इटालियन चित्रकार. मोठमोठे दिवाणखाने आणि चर्च तो एका चित्रात न वाकवता बसवायचा. दोन रात्री आकडे खालीवर केल्यावर आमची आगबोट किनाऱ्याला लागली.

अण्णा तीनदा

आणि मग अण्णा सापडले. तीनदा.

आमच्या समोरच्या विंगेत पहिल्या मजल्यावर अण्णा राहायचे. नाव वेगळं, पण चाळीला अण्णाच. बाबांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. गणपतीची वर्गणी, नळाचं वेळापत्रक, कोणाच्या मुलाची अॅडमिशन, सगळ्यात अण्णा आणि अण्णांच्या जोडीला बाबा. रीडेव्हलपमेंटचे कागद आले तेव्हा बाबांनी पहिल्या दहांत सही केली. अण्णांनी शेवटपर्यंत केली नाही. 'तू प्रेसमधला माणूस, छापील कागद दिसला की विश्वास ठेवतोस,' असं ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले. बाबाही काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते आई मला आजही सांगत नाही. शेवटची दोन वर्षं समोरासमोरच्या गॅलऱ्यांत उभं राहून हे दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. चाळ सोडून अण्णा विरारला मुलाकडे गेले, आम्ही डोंबिवलीला आलो.

त्या रविवारी मी डावीकडून उजवीकडे फोटो काढत होते आणि अण्णाही डावीकडून उजवीकडे चालले होते. प्रत्येक दारापाशी थांबत, सामान बांधणाऱ्यांशी दोन शब्द बोलत. माझी गती आणि त्यांची गती जुळली. त्यामुळे एकाच पॅनोरमात अण्णा त्यांच्या दारात आहेत, जिन्यापाशी आहेत आणि पार उजव्या टोकाला गॅलरीच्या कोपऱ्यातही आहेत. हातात तीच पितळी किटली.

पॅनोरमात हे नेहमी होतं. सॉफ्टवेअरमध्ये नको त्या माणसावर मास्क काढला की तो पुसला जातो, शेजारच्या फोटोतली रिकामी जागा तिथे येते. पाच मिनिटांचं काम. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हे काढता येतं?"

"कुठले ठेवू?" मी विचारलं. "दारातले, जिन्याजवळचे की कोपऱ्यातले?"

बाबा काही न बोलता उठून गेले. तीनपैकी दोन काढायचे होते की तिन्ही, हे मला कळलं नाही. मी मास्क केला नाही. उद्या करू म्हटलं आणि कागदाच्या मागे लागले.

ठिपक्यांना लाइन नाही

साडेआठ इंच रुंदीच्या प्रिंटरवर सोळा इंच उंच आणि सहा फूट लांब चित्र काढायचं, तर ते उभ्या पट्ट्यांत कापायला हवं. आम्ही १३ बाय १९ इंचाचा १८० जीएसएमचा मॅट फोटो पेपर आणला. ग्लॉसी नको, कारण त्यावर उजेड पडला की प्रत्येक जोड चमकतो. बाबांनी स्टीलची पट्टी आणि कटर काढून प्रत्येक शीट साडेआठ इंचावर कापलं. साडेचार इंचाचं जे उरलं ते नीट रचून बाजूला ठेवलं. "टेस्टला," म्हणाले. प्रेसच्या माणसाला वेस्टेज सहन होत नाही.

ते साडेचार इंच किती कामाला आले म्हणून सांगू! पहिली टेस्ट काढली ती आडव्या पांढऱ्या रेघांची. प्रिंटरवर महिनोन्महिने फक्त काळी बिलं निघत होती, त्यामुळे निळ्याची काही छिद्रं सुकली होती. नोझल चेक, मग हेड क्लीनिंग, परत नोझल चेक. दुसरी टेस्ट चिखलासारखी, कारण ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' राहिला होता. त्या एका सेटिंगवर मशीन किती शाई सोडायची, कुठला काळा वापरायचा हे ठरवतं. तिसरी टेस्ट अंधारी. चाळीत लोडशेडिंग असल्यासारखी. ही चूक प्रिंटरची नाही, माझी. लॅपटॉपचा ब्राइटनेस मी कायम फुल ठेवते. स्क्रीन स्वतः उजेड देतो, कागद देत नाही. ब्राइटनेस निम्म्यावर आणला, फोटोतल्या सावल्या उचलल्या, कागदाच्या कंपनीने दिलेलं रंगांचं प्रोफाइल लावलं. चौथी टेस्ट बाबांनी खिडकीशी नेऊन बघितली आणि मग खणातून त्यांची लूप काढली.

ही लूप म्हणजे प्रेसमधलं छोटं भिंग. रिटायर झाल्यावर एवढीच एक वस्तू त्यांनी आणली होती. एक डोळा मिटून ते कागदावर वाकले ते वाकलेच.

"अगं, ह्याच्या ठिपक्यांना लाइनच नाही!"

मला काही कळेना. मग त्यांनी दाखवलं. एका जुन्या दिवाळी अंकाचं कव्हर घेतलं आणि लूप ठेवली. त्यात ठिपके शिस्तीत होते. निळ्याची रांग एका कोनात, लालची दुसऱ्या, काळ्याची तिसऱ्या, आणि सगळे मिळून बारीक फुलांची नक्षी. ऑफसेटमध्ये गडद हवं तिथे ठिपका मोठा, फिकं हवं तिथे लहान, पण जागा ठरलेली. मग लूप आमच्या टेस्टवर ठेवली. तिथे रांग नाही की फूल नाही. अंगणात सडा मारल्यासारखे थेंब, गडद जागी दाट, फिक्या जागी विरळ. एकेक थेंब काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग!

"आम्ही एवढे कोन लावून मरायचो," बाबा म्हणाले. "हे नुसतं शिंपडतं. आणि तरी अण्णांचा शर्ट बरोब्बर आलाय."

टेस्टच्या पट्टीवर जिन्याजवळचे अण्णा होते. मी मुद्दाम घेतले नव्हते. खरंच.

पाइपावर जोड

त्या दिवसापासून प्रोजेक्ट माझा राहिला नाही.

मी फोटोचे समान दहा भाग करणार होते. बाबांनी ते ऐकूनच हात जोडले. सिनेमाची मोठी पोस्टरं वेगवेगळ्या शीट्सवर छापून भिंतीवर जोडली जायची. "हिरोच्या नाकावर जोड आणलास तर डिस्ट्रिब्यूटर उभं करत नाही," म्हणाले. जोड लपवायचा असेल तर जिथे चित्रातच उभी रेघ आहे तिथे आणायचा. पाण्याचा पाइप, खांब, दाराची चौकट, जिन्याची कड. डोळा तिथे आधीच थांबतो, त्यामुळे त्याला जोड वेगळा दिसत नाही. त्यांनी ए-फोरवर एक लहान प्रिंट काढायला लावली आणि तिच्यावर पेन्सिलीने नऊ उभ्या रेघा मारून दिल्या. पट्ट्या कमीजास्त रुंदीच्या झाल्या. प्रत्येक पट्टीत दोन्ही बाजूंना शेजारच्या पट्टीचा एक सेंटिमीटर जास्तीचा घेतला आणि वर-खाली रजिस्टरच्या फुल्या टाकल्या, जशा फोर-कलरच्या प्लेटवर असतात.

दहाच्या दहा पट्ट्या एका बैठकीत छापल्या. आज पाच, उद्या पाच असं केलं तर शाई, हवा, हेड यांत कुठेतरी फरक पडतो आणि शेजारशेजारच्या खोल्यांना वेगवेगळा रंग दिल्यासारखं होतं. बाहेर धो धो पाऊस. दमट हवेत शाई सुकायला वेळ लागतो, कागद कडेने वळतो. पट्ट्या रात्रभर पंख्याखाली, पलंगावर, टीव्हीवर, डायनिंग टेबलावर. आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो. आईच्या हातातून वरणाचा एक थेंब सहाव्या पट्टीवर पडला आणि पारिजातकाचा हिरवा खाली ओघळला. या शाईचं पाण्याशी वाकडं आहे. आई काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "होतं. परत मारू." प्रेसमध्ये हाच माणूस खराब शीटवरून हेल्परला काय बोलायचा ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पाच मिलिमीटरच्या सनबोर्डवर जोडणी. घरमालकाने भिंतीला खिळा मारायचा नाही असं अॅग्रीमेंटमध्येच लिहिलंय, म्हणून हलका बोर्ड. फेविकॉल नाही, कारण पाणी. रुंद डबल साइड टेप. दोन पट्ट्या फुल्या जुळवून एकमेकींवर ठेवायच्या, पाइपावर स्टीलची पट्टी धरायची आणि एकाच दाबात दोन्ही कागद कापायचे. वरचा तुकडा काढायचा, खालचा तुकडा काढायचा. दोन्ही कडा एकाच पात्याने कापलेल्या, त्यामुळे मध्ये केसभर फट राहत नाही. त्यातूनही कापलेल्या कडेचा पांढरा दिसतोच. त्यावर बाबांनी रंगीत पेन्सिल हलकेच फिरवली. नऊ जोड. साडेचार तास. ६४ वर्षांचा माणूस गुडघ्यांवर बसून, एक शब्द न बोलता. पण हे गप्प बसणं वेगळं होतं.

फेलिस बिएटोने १८५८ मध्ये लखनौ आणि दिल्लीचे पॅनोरमा असेच केले होते. एकेक फोटो वेगळा काढून, प्रिंट कडेला कापून, शेजारी शेजारी जोडून. त्याचे जोड आजही दिसतात. आमचे दोन दिसतात. एक कबूल करते, टॉवेलवाला.

चहा

बोर्ड सध्या दिवाणावर भिंतीला टेकवून उभा आहे, खिडकीच्या समोर नाही. या शाईचे रंग उन्हाने उडतात. कोणी आलं की ठरलेलं. आधी दारातून 'अरे वा', मग जवळ, मग नाक कागदाला. बाबा बाजूला उभे राहून बिऱ्हाडं सांगतात. आवाज पहिल्यासारखा, बहुतेक खालच्या मजल्यापर्यंत जात असेल.

जोडणी झाली त्या रात्री मी ती पेन्सिलीच्या रेघांची ए-फोर प्रिंट सहज हातात घेतली. दारातल्या अण्णांपाशी चौकट होती, जोडाला अगदी योग्य. बाबांनी ती सोडून पुढच्या पाइपावर रेघ मारली होती. जिन्याची कड अण्णांच्या खांद्याला लागून जात होती, तीही सोडली होती. आणि उजव्या टोकाला पट्टी उगाच साडेसहा इंचांची होती, कारण सात केली असती तर जोड किटलीवरून गेला असता. नऊ रेघांत तिन्ही अण्णा पूर्ण. मास्क करायचं राहूनच गेलं होतं. मला कोणी आठवणही केली नव्हती.

पुढच्या आठवड्यात बाबा म्हणाले, "साडेचार इंचाचे तुकडे उरलेत ना? एकावर जिन्याजवळचे मारून दे."

मी दिले. त्यांनी गुंडाळी केली, वर प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर परत प्लास्टिक. सकाळी साडेनऊला छत्री घेऊन निघाले. डोंबिवलीहून दादर, दादरला बदलून विरार. एवढ्या पावसात कुठे म्हणून आईने विचारलंच नाही. डबा भरून दिला.

संध्याकाळी सातला परतले. छत्री ओली, गुंडाळी नाही. मी लॅपटॉपवरून मान वर केली आणि काहीतरी सांगतील म्हणून थांबले. त्यांनी हातपाय धुतले, दिवाणापाशी गेले, चष्मा वर चढवून फोटो एकदा डावीकडून उजवीकडे बघितला.

"चहा झाला," म्हणाले.

"आणि?"

"आणि काय? तुझ्या फोनवरचा सगळा फोटो दाखव म्हणाले, म्हणून दाखवला. तर विचारतात, मी तीनदा कसा?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, एकदा घरी या. नीट दिसेल."